आसुकाचा राग रक्तातला नव्हे

प्रति,
मा. संपादक

विषय : रविवार पुरवणीतील ॲनिमेवरील लेख

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ॲनिमेला, म्हणजे जपानी ॲनिमेशनला, अख्खे पान मिळाले, हे वाचून बरे वाटले. हा विषय मराठी वृत्तपत्रांत बालविभागाच्या पलीकडे क्वचितच जातो. पण त्याच पानावर 'निऑन जेनेसिस एव्हांगेलियन' या मालिकेतल्या आसुकाची ओळख 'तापट, शिस्तप्रिय, अर्धी जपानी जर्मन मुलगी' अशी करून दिली आहे, आणि खाली तिच्या तापटपणाचे कारण 'जर्मन रक्त' असे सांगून विषय संपवला आहे. या एका ओळीत तिचे नागरिकत्व चुकले, वंशाचा हिशेब चुकला आणि स्वभावाचे कारण तर पूर्णच चुकले. पहिल्या दोन चुका सोडून देता आल्या असत्या. तिसरी सोडवत नाही, कारण त्या मुलीचा स्वभाव कशातून घडला हे दाखवण्यासाठी मालिकेने एक अख्खा भाग खर्च केला आहे.

आधी मालिकेबद्दल थोडक्यात. ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात टीव्ही टोकियोवर तिचे २६ भाग दाखवले गेले. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, पात्रांची रेखाटने योशियुकी सादामोतो यांची. कथा २०१५ सालात घडते. १४ वर्षांची मुले 'एव्हा' नावाच्या महाकाय देहांत बसून आक्रमकांशी लढतात. आपल्याकडच्या अनेक प्रेक्षकांनी ती जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आल्यानंतर पाहिली. आसुका पहिल्या सात भागांत नाही. आठव्या भागात ती विमानवाहू जहाजाच्या डेकवर उभी दिसते, सोबत जर्मनीहून आणलेला लाल रंगाचा एव्हा-०२.

आता नागरिकत्व. पात्राच्या अधिकृत जपानी ओळखीत आसुका लँगले सोर्यू हिचे राष्ट्रीयत्व अमेरिकन आहे. ती जर्मनीत वाढली, जर्मन बोलते, तिथेच शिकली आणि तिथूनच जपानला आली, म्हणून पाहणारा तिला 'जर्मन' म्हणून मोकळा होतो. ही चूक आपल्याकडे सहज होण्याचे कारण आपल्या भाषेतही आहे. 'जर्मन' हा एकच शब्द आपण पासपोर्टला, पूर्वजांना, बोलीला आणि राहण्याच्या गावालाही लावतो. शिवाय भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे घेतले की इथले जाते. त्यामुळे एका माणसाचा एकच देश, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते.

आसुकासारख्या मुलीचे कागद कसे तयार होतात, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या मुलाला तिथल्या घटनेची १४वी दुरुस्ती नागरिकत्व देते. परदेशात जन्म झाला, तरी अमेरिकन पालकाकडून ते काही अटींवर मिळते. जर्मनीत ते मुख्यतः आईवडिलांकडून येते, आणि १९७५ पासून जर्मन आईकडूनही वडिलांच्या बरोबरीने येते. जपानमध्ये तर १९८४ पर्यंत ते फक्त वडिलांकडून मिळे. १ जानेवारी १९८५ पासून आई जपानी नागरिक असली तरी पुरते. ज्याच्याकडे जन्मापासून दोन नागरिकत्वे आहेत, त्याने ठराविक वयापर्यंत एक निवडावे असा जपानचा नियम आहे. पूर्वी ते वय २२ होते, एप्रिल २०२२ पासून ते २० केले आहे. म्हणजे आसुकाच्या वयाच्या मुलीकडे एकापेक्षा जास्त पासपोर्ट असणे कायद्याने अगदी शक्य आहे. अधिकृत ओळख मात्र अमेरिकन एवढेच सांगते. लेखातही तेवढेच हवे होते.

वंशाचा हिशेब तर तोंडी करता येतो. आसुकाची आई क्योको झेपेलिन सोर्यू ही अर्धी जर्मन, अर्धी जपानी. तिच्याकडून मुलीला पाव जर्मन आणि पाव जपानी वाटा आला. उरलेला अर्धा वडिलांचा. जपानीत अशा मुलांना वाटा सांगणाराच शब्द लावतात. आईवडिलांपैकी एक परदेशी असेल तर 'हाफू', आजी-आजोबांपैकी एक असेल तर 'क्वोता', म्हणजे इंग्रजीतले हाफ आणि क्वार्टर. आसुकासाठी जपानी साहित्यात 'क्वोता' हाच शब्द येतो. लेखात 'अर्धी जपानी' म्हटले आहे, ती अर्धी आई आहे. मराठीत सांगायचे तर आसुकाचे आजोळ निम्मे जपानी, निम्मे जर्मन, आणि ती स्वतः पाव जपानी. वडिलांबद्दल टीव्ही मालिका फार थोडे सांगते. सादामोतो यांच्या मांगात, म्हणजे चित्रकथेत, तर ते वीर्यपेढीतले अनामिक दाते आहेत. वडील बाजूला ठेवून तिला एका देशाची ठरवायला निघाले की अर्धा हिशेब हवेत राहतो.

तिच्या नावावरून कुळ काढण्याचा मोहही अनेकांना होतो. सोर्यू, लँगले आणि आईच्या नावातले झेपेलिन ही तीन देशांच्या विमानवाहू जहाजांची नावे आहेत. जपानचे सोर्यू जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत बुडाले. लँगले ही अमेरिकन नौदलाची पहिली विमानवाहू नौका. कोळसा वाहणाऱ्या जहाजात बदल करून ती १९२२ मध्ये सेवेत आणली, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये जावाच्या दक्षिणेला जपानी बॉम्बहल्ल्यानंतर ती बुडाली. जर्मनीचे ग्राफ झेपेलिन १९३८ मध्ये पाण्यात उतरले, पण कधीच पुरे बांधले गेले नाही. आन्नो यांना जहाजांच्या नावांचा ध्यासच होता. मालिकेतल्या अधिकारी मिसातोचे आडनाव कात्सुरागी, शास्त्रज्ञ रित्सुकोचे आकागी, आसुकाची सहपायलट रेईचे आयानामी, ही सगळी जपानी नौदलातून उचललेली. आसुकाचे 'सोर्यू' मात्र चिनी अक्षरांत वेगळे लिहितात. जहाजाच्या नावाचा अर्थ निळा ड्रॅगन असा होतो, तिच्या आडनावाच्या अक्षरांतून तो निघत नाही, फक्त उच्चार सारखा. हे नाव लेखकाची आवड सांगते, घराण्याचा कुळवृत्तांत नव्हे. तरीही तीन देशांची नावे या मायलेकींवर ठेवली आहेत, आणि त्यातली दोन जहाजे विरुद्ध बाजूंनी लढताना एकाच वर्षी बुडाली. हे पाहिल्यावर तिला कोणत्याही एका देशाच्या खात्यात टाकताना हात थांबायला हवा.

चेहऱ्याबद्दल लेखात 'लालसर केस आणि निळे डोळे तिचे युरोपीय मूळ सांगतात' असे वाक्य आहे. ॲनिमेत हा पुरावा चालत नाही. त्याच मालिकेत रेईचे केस फिकट निळे आणि डोळे लाल आहेत, मिसातोचे केस जांभळट आहेत, आणि दोघी जपानी म्हणूनच वावरतात. केसांचा रंग हा पडद्यावर पात्र झटकन ओळखू यावे यासाठी असतो. चार मुले एकाच चौकटीत धावत असतील, तर प्रेक्षकाची नजर रंगावरूनच नावापर्यंत पोहोचते. जपानी समीक्षेत यासाठी 'मुकोकुसेकी' हा शब्द वापरतात, अर्थ 'राष्ट्रीयत्व नसलेले'. मूळ कळते ते संवादातून, पात्राच्या अधिकृत ओळखीतून आणि शाळेत, घरात, इतरांशी तिचे कुठे अडते त्यातून.

आणि हे अडणे मालिकेने फार बारकाईने दाखवले आहे. दहाव्या भागात मालिकेचा नायक आणि दुसरा पायलट शिंजी भौतिकशास्त्राचा गृहपाठ करत असतो, विषय उष्णतेने होणारे प्रसरण. आसुकाकडे विद्यापीठाची पदवी आहे. तो गृहपाठ तिला हातचा मळ. तरीही शाळेच्या परीक्षेत तिला गुण कमी पडले आहेत, कारण प्रश्नच वाचता आले नाहीत. तिला अजून सगळ्या कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरे, येत नाहीत. अस्खलित बोलणारी, पदवीधर, आणि प्रश्नपत्रिकेपुढे निरक्षर. परक्या देशात वाढलेल्या मुलाची अवस्था याहून नेमकी कशी दाखवणार? परदेशातल्या मराठी घरांतली मुले आजीशी मराठीत भरभरून बोलतात आणि तिचे पत्र वाचताना अडतात, तसेच हे. (त्याच भागात ज्वालामुखीच्या पोटात ती उतरते, तेव्हा हाच प्रसरणाचा धडा तिला शत्रू मारण्याची युक्ती देतो. गृहपाठ वाया जात नाही.)

याहून सुंदर जागा आठव्या भागात आहे. एव्हा विचारांवर चालतो. आसुका तो सुरू करते जर्मन आज्ञांनी, आणि शिंजी शेजारी बसला असल्याने यंत्र अडखळते. ती त्याच्यावर ओरडते : तू जपानीत विचार करतोयस, जर्मनमध्ये कर! गोंधळलेला शिंजी त्याला ठाऊक असलेला एकच जर्मन शब्द म्हणतो, 'बाउमकुखेन'. ती वैतागते आणि यंत्राला सांगते की विचारांची भाषा जपानी कर. दृश्य संपते काही सेकंदांत, पण आसुका कोण आहे हे त्यात आले. ती एका आज्ञेत विचारांची भाषा बदलू शकते, आणि दुसऱ्याला बदलता येत नाही म्हणून चिडते. बाउमकुखेनचीही मौज आहे. हा थरांचा जर्मन केक पहिल्या महायुद्धातला जर्मन युद्धकैदी कार्ल युखहाइम याने मार्च १९१९ मध्ये हिरोशिमाच्या प्रदर्शनात मांडला, आणि पुढे तो जपानमध्ये इतका रुजला की आज लग्नात पाहुण्यांना देतात. शिंजीला जर्मन वाटणारा शब्द त्याच्या घरातलाच झाला आहे.

संगोपनाची आणखी एक खूण मूळ जपानी आवाजात ऐकू येते, डबमध्ये हरवते. शिंजी त्यांच्या वरिष्ठ अधिकारी मिसातोला 'मिसातो-सान' म्हणतो. आसुका नुसते 'मिसातो' म्हणते. 'सान' ती राखून ठेवते काजीसाठी, जो तिच्यासोबत जर्मनीहून आला आणि ज्याच्यावर तिचा जीव आहे. रेईला ती टोमण्याने 'आदर्श विद्यार्थिनी' म्हणते. शिंजीला 'आंता', म्हणजे खालच्या सुरातला 'तू'. तिचे सुप्रसिद्ध 'आंता बाका?' हे मराठीत 'तू मूर्ख आहेस का?' असे पुस्तकी होणार नाही. ते 'अक्कल आहे का तुला?' असे झटक्यात यायला हवे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असल्याने हा फरक सपाट होतो. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण हे सगळे हाताशी आहे. मराठी सबटायटल्स कधी झालीच, तर 'तू' आणि 'तुम्ही' नीट वाटून दिले तरी अर्धी आसुका उतरेल.

आता स्वभाव. जर्मन रक्त, म्हणून शिस्त आणि राग, हे लेखातले म्हणणे मालिकेतल्या एकाही दृश्यावर उभे राहत नाही. कारण बाविसाव्या भागात आहे, आणि ते फार क्रूर आहे. क्योको एव्हा-०२ शी मनाने जोडण्याच्या प्रयोगात सापडते आणि तिचे मन कोसळते. इस्पितळाच्या खाटेवर ती एका बाहुलीला 'आसुका' म्हणून खाऊ घालू लागते. खोटी आसुका मांडीत, खरी आसुका दारात, आणि आई बाहुलीला समजावते की नीट खाल्ले नाहीस तर ती तिथे उभी असलेली ताई तुला हसेल. आपल्या मुलीला ती 'तिथली ताई' म्हणते. लहानगी आसुका याला उत्तर म्हणून एकच गोष्ट करते. सर्वांत हुशार व्हायचे, म्हणजे आई माझ्याकडे बघेल. एव्हाची पायलट म्हणून निवड होते त्या दिवशी ती आईला सांगायला धावत जाते. दार उघडते तेव्हा आईने गळफास घेतलेला असतो. दफनविधीत आजी म्हणते, रड, आवरू नकोस. ती म्हणते, मी रडणार नाही.

हे एकदा पाहिले की तिचे प्रत्येक वाक्य वेगळे ऐकू येते. 'मला कुणाची गरज नाही' हे उद्धट बोलणे त्या दफनातले वचन आहे. रेईचा तिरस्कारही तिथूनच येतो. लिफ्टमधल्या त्या लांबलचक स्तब्ध दृश्यात आसुका रेईला बाहुली म्हणून हिणवते, कारण बाहुलीनेच तिची जागा घेतली होती. आणि हे सगळे बाविसाव्या भागाने अचानक बाहेर काढलेले नाही. नवव्या भागात ती झोपेत शिंजीच्या शेजारी येऊन पडते. तिच्या डोळ्यातून पाणी येते आणि तोंडातून 'मामा' हा शब्द निघतो. जागेपणी ती कधीच तो उच्चारणार नाही. त्याच भागात याच मुलीने सरकत्या दाराला 'जेरिकोची अभेद्य भिंत' म्हटले होते.

तिची घसरणही तर्काने चालते. पायलट आणि एव्हा यांची जुळणी टक्केवारीत मोजतात. आसुकाने स्वतःची सगळी किंमत त्या आकड्यावर ठेवली आहे. सोळाव्या भागात शिंजीचा आकडा तिच्यापुढे जातो. एकोणिसाव्यात तिचा एव्हा लढाईत फाटला जातो. बाविसाव्यात आक्रमक तिच्या मनातच घुसतो आणि तिने गाडून ठेवलेले सगळे वर काढतो, मागे हँडेलचा हॅलेलुया वाजत असतो. तेविसाव्यात एव्हा हलतच नाही. कमी जुळणीने हार, हारीने खचणे, खचण्याने आणखी कमी जुळणी, असे ते चक्र आहे. जुलै १९९७ च्या चित्रपटात ती पुन्हा उभी राहते, ती एव्हात आपली आई आहे हे उमगल्यावर. जर्मन रक्ताने यातली कुठली पायरी समजते? मालिकेने कारण दाखवले, घटनेला घटना जोडून दाखवले. त्यावर रक्ताचा शिक्का मारणे म्हणजे त्या मुलीचे दुःख न बघता पुढे जाणे. आणि आपल्याकडे एखाद्याच्या स्वभावाचे कारण त्याच्या जातीत किंवा प्रांतात शोधायची सवय इतकी जुनी आहे की वृत्तपत्राने तरी तिला जागा देऊ नये, असे मनापासून वाटते.

लेखात तिला 'त्सुन्देरे' म्हटले आहे, त्याबद्दलही थोडे. 'त्सुनत्सुन' म्हणजे फटकून वागणे, 'देरेदेरे' म्हणजे विरघळणे. वरून काटेरी, आतून प्रेमळ अशा पात्राला हे नाव. शब्द रूढ झाला तो २००० नंतरच्या दशकात, आणि मग मागे वळून आसुकाला चिकटवला गेला. पण मूळ मालिकेत ती विरघळते कुठे? शेवटाकडे ती पडक्या घराच्या बाथटबमध्ये निश्चल सापडते. 'देरे'चा भाग प्रेक्षकांनी आपल्या मनाने भरला आहे.

गफलत होण्याचे आणखी एक व्यवहारी कारण म्हणजे आवृत्त्या. टीव्हीचे २६ भाग, २१ ते २४ या भागांच्या दृश्ये वाढवलेल्या व्हिडिओ आवृत्त्या, १९९७ चा चित्रपट, मांगा, आणि २००७, २००९, २०१२ व २०२१ मधले चार नवे चित्रपट. नव्या चित्रपटांत तिचे आडनावच शिकिनामी आहे. ती युरोपच्या हवाई दलात कॅप्टन आहे, आणि शेवटच्या चित्रपटात ती 'शिकिनामी' नावाच्या संचातली कृत्रिमरीत्या घडवलेली मुलगी असल्याचे कळते. तिला पाव-अर्धा हा हिशेब लागूच होत नाही. आपल्या लेखात छायाचित्र शिकिनामीचे आहे आणि मजकूर सोर्यूबद्दल. लिहिणाऱ्याने आधी कोणती आवृत्ती ते ठरवावे, मग विधानाशेजारी भागाचा क्रमांक लिहावा, आणि तो भाग मूळ जपानी आवाजात एकदा ऐकावा. संवादात असलेली गोष्ट आणि पात्र-परिचयात असलेली गोष्ट वेगळी ठेवावी. एवढे केले तर वादाचे निम्मे मुद्दे गळून पडतात.

मराठी वाचकाला हे वेगळेपण समजणार नाही, अशी भीती संपादकीय मेजावर असेल तर ती नसावी. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांत नागरिकत्व इस्रायली, धर्म ज्यू, आणि जुन्या पिढीच्या ओठांवर मराठी असते. तंजावरच्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या तमिळ मिसळलेली मराठी बोलतात. अशा माणसाला 'तुम्ही नक्की कोण?' असे विचारले तर उत्तर एका शब्दात येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर ती अशी असावी ही विनंती : 'आसुका लँगले सोर्यू ही अमेरिकन नागरिक असून जर्मनीत वाढली आहे. तिची आई अर्धी जर्मन, अर्धी जपानी होती. सोबतचे छायाचित्र नव्या चित्रपटांतील आसुका शिकिनामी लँगले हिचे आहे.' आणि 'जर्मन रक्त' हे शब्द ऑनलाइन आवृत्तीतूनही काढावेत.

आपला,
एक वाचक, ठाणे